जुनी व्हेस्पा उभी करताना: रंग सगळ्यात शेवटी

गाडी घरी आली की पहिला फोन पेंटरला जातो. चकचकीत रंग होतो, फोटो फिरतात, अभिनंदनं येतात. मग इंजिन उतरवताना पाना निसटून फ्लोअरचा टवका उडतो, वेल्डिंगच्या ठिणग्यांनी लेगशील्ड (पायांपुढचा उभा पत्रा) काळं पडतं आणि पावसाळा संपता संपता फ्लोअरच्या कडेला रंगाखाली फोड येतात. माझ्या पहिल्या गाडीवर मी नेमकं हेच केलं आणि रंगाचे पैसे दोनदा मोजले. सल्ला विचारायला येणाऱ्यांतले बहुतेक जण याच वळणावर असतात, म्हणून कामाचा क्रम एकदा सविस्तर लिहून काढतोय.

नमुना म्हणून १९६० च्या दशकातली व्हेस्पा १५० घेतली आहे: व्हीबीबी हे मॉडेल, आठ इंची चाकं, चार गिअर. बोअर (सिलिंडरचा व्यास) ५७ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ५७ मि.मी., म्हणजे सुमारे १४५ सीसी. व्हेस्पा बनवणाऱ्या पियाजिओ या इटालियन कंपनीच्या परवान्यावर पुण्यात बनलेली बजाज १५० हिचंच भावंड, त्यामुळे तिच्या मालकांनाही बहुतेक सगळं जसंच्या तसं लागू पडेल. लॅम्ब्रेटाचं इंजिन मध्यावर असतं, फ्रेम नळीची असते आणि गिअरबॉक्सपर्यंत चेन असते. त्या मंडळींनी इंजिनाचा टप्पा सोडून बाकीचं वाचावं.

टप्पा १: पैसे देण्याआधी नंबर आणि कागद

बाजूची पॅनेलं काढा, टॉर्च घ्या आणि चॅसिस नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. इटालियन गाडीत चॅसिस नंबरच्या आधी व्हीबीबी१टी किंवा तत्सम अक्षरं असतात, तर इंजिनावर व्हीबीबी१एम. टी म्हणजे तेलायो, अर्थात फ्रेम; एम म्हणजे मोतोरे, अर्थात इंजिन. इंजिन नंबर मागच्या शॉकॲबच्या खालच्या बोल्टजवळ कास्टिंगवर सापडतो. दोन्ही नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत. ‘साहेब, इंजिन बदललंय, पण नोंद होऊन जाईल’ असं विक्रेता म्हणाला, तर ती नोंद त्यालाच करून आणायला सांगा.

नंबराभोवतीचा पत्रा आजूबाजूपेक्षा गुळगुळीत वाटला, किंवा अक्षरं कमी-जास्त खोल दिसली, तर सौदा तिथेच थांबवा. ‘अस्सल इटालियन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी गाड्या आपल्याकडच्याच असतात, फक्त बॅज बदललेला असतो. भारतीय गाडी घेण्यात वाईट काही नाही, पण इटालियनचा भाव देऊन घेऊ नका.

मग आरसी. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण झालंय का, पर्यावरण कर भरलाय का, नाव कोणाचं आहे, हे पाहा. फार जुन्या गाड्यांची नोंद अजून ऑनलाइन चढलेलीच नसते. आरटीओत तिला ‘बॅकलॉग’ म्हणतात. ती चढवून घेतल्याशिवाय नाव बदलण्याचं काम पुढे सरकत नाही. मूळ मालक हयात नसेल तर वारसांच्या सह्या आधी, पैसे मागाहून. नाव बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही झाल्याशिवाय गाडी हलवू नका.

परदेशातल्या वाचकांसाठी: व्हिएतनाम आणि इंडोनेशियातून ‘पूर्ण रिस्टोअर’ होऊन आलेल्या झगमगीत व्हेस्पा स्वस्तात मिळतात. त्यातल्या बऱ्याच दोन-तीन गाड्यांचे तुकडे जोडून उभ्या केलेल्या असतात. दोन रंगांची सीट आणि भरपूर क्रोम दिसलं की आधी गाडी उलटी करून फ्लोअरचं वेल्डिंग बघा.

टप्पा २: पत्रा

व्हेस्पाला वेगळी चॅसिस नाही. पत्र्याची बॉडी हीच चॅसिस. इंजिन नवं करता येतं, सडलेला पत्रा मात्र कापून नवा जोडावा लागतो आणि ते काम मोजक्याच हातांना जमतं. म्हणून सौद्याचा निम्मा वेळ इथे द्या.

रबर मॅट उचला. फ्लोअरच्या खाली आडव्या पट्ट्या असतात, त्यांच्या टोकांना स्क्रू-ड्रायव्हरची मूठ मारून आवाज ऐका. टणक पत्रा वाजतो, सडलेला बद्द आवाज देतो. मग स्टँडचे बोल्ट जिथे बसतात ती जागा, ब्रेक पेडलचं भोक, लेगशील्ड फ्लोअरला मिळतं तो वाक, टाकीखालचा कप्पा आणि पुढचं मडगार्ड फोर्कला बसतं ती जागा. कोकणातली गाडी असेल तर मधल्या बोगद्याच्या, म्हणजे फ्लोअरच्या मध्यावरच्या पोकळ उंचवट्याच्या, आतही बोट घालून बघा.

फ्रिजवरचा चपटा चुंबक पातळ कापडात गुंडाळून सगळ्या बॉडीवर फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे लांबीचा (खड्डे भरायच्या पुट्टीचा) जाड थर आहे. डिकीच्या बाजूला थोडी लांबी चालते, ती बाजू कुठे ना कुठे आपटलेलीच असते. फ्लोअरवर आणि मानेजवळ (हँडलची नळी बॉडीत शिरते तिथे) लांबी लागली तर मात्र गाडी सोडून द्या.

तपासणी: गाडी सरळ उभी करा, हँडल सरळ धरा आणि सात-आठ पावलं मागे जाऊन उकिडवं बसा. इंजिन एका बाजूला असल्यामुळे बॉडी थोडी कललेली भासते, तिकडे लक्ष देऊ नका. दोन चाकं एका रेषेत आहेत का, एवढंच पाहा. मान वाकलेली असेल तर लेगशील्डच्या वरच्या भागात आडव्या सुरकुत्या दिसतात.

टप्पा ३: काय बदलायचं, ते उघडण्याआधी ठरवा

कस्टम करायची की मूळ रूपात ठेवायची, हा निर्णय बरेच जण रंगाच्या दुकानात उभं राहून घेतात. तो वहीत, घरी बसून घ्या, कारण त्यावर कागदही अवलंबून आहेत.

२०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेली गाडी यात बसत नाही. शिवाय व्हीए नंबरची गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. रोज चालवायची असेल तर नेहमीचीच आरसी ठेवा. रंग बदलला तर तीवर नोंद करून घ्या. इंजिनाची क्षमता बदलणं ही तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येणारी गोष्ट आहे, ‘कोण बघतंय’ म्हणून सोडू नका. अपघात झाला की विमा कंपनी नेमकं तेच बघते.

वहीत दोन रकाने आखा. एका रकान्यात नट-बोल्ट काढून परत मागे जाता येईल असे बदल: सीट, कॅरिअर, आरसे, स्टेपनीचा स्टँड, चांगला शॉकॲब, १२ व्होल्टचं मॅग्नेट (इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणारं चाक), वेगळा सायलेन्सर. दुसऱ्यात मागे फिरता न येणारे: लेगशील्ड कापून अरुंद करणं, हँडल कापणं, इंडिकेटरसाठी पॅनेलला भोकं पाडणं, क्रॅंककेस (इंजिनाचं केसिंग) घासून पोर्ट, म्हणजे आतल्या वाटा, वाढवणं. दुसऱ्या रकान्यातलं काहीही पहिल्या वर्षात करू नका. बदलून काढलेला प्रत्येक मूळ भाग तेल लावून, जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवा. मूळ हेडलाइटची रिंग किंवा स्पीडोमीटर परत शोधायला निघालात की पुण्याचा जुना बाजार बुधवार-रविवार पालथा घालत बसाल.

टप्पा ४: उघडणं

प्रत्येक भाग काढण्याआधी एक फोटो, काढल्यावर एक. श्रीखंडाचे रिकामे डबे यासाठी फार छान. प्रत्येक डब्यात एकाच ठिकाणचे नट-बोल्ट आणि झाकणावर चिकटपट्टी लावून नाव.

आता ती चूक, जी मी स्वतः केली आहे. गिअरच्या दोन, क्लचची, पुढच्या ब्रेकची, अ‍ॅक्सिलरेटरची अशा केबल्स बॉडीच्या पोटातून जातात. मी उत्साहात सगळ्या जुन्या केबल्स बाहेरच्या कव्हरसकट ओढून काढल्या. नवीन घालायला बसलो तेव्हा कळलं, की मधल्या बोगद्यातला वाक कुठलीही केबल आपणहून घेत नाही. संध्याकाळपर्यंत बांगडीच्या आकाराची वाकवलेली तार घेऊन मी त्या भोकात मासे पकडत होतो. शेजारचे काका दोनदा येऊन विचारून गेले, ‘सापडलं का रे काही?’

सावध: जुन्या केबलच्या टोकाला मजबूत दोरी चिकटपट्टीने घट्ट बांधा आणि केबल ओढा. दोरी आत राहू द्या. नवं कव्हर तिच्याच मागून ओढायचं. रंगाच्या वेळीही ही दोरी आतच राहील.

इंजिन उतरवताना मागचं चाक, शॉकॲबचा खालचा बोल्ट, केबल्स, वायरींचा डबा आणि पेट्रोल पाइप सुटले की उरतो तो इंजिनाचा लांब आडवा बोल्ट. हा हमखास गंजून बसलेला असतो. आदल्या रात्री दोन्ही टोकांना गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. ठोकायचाच असेल तर नट आट्यांच्या टोकाबरोबर येईल इतका परत फिरवा आणि मगच हातोडी चालवा. नुसत्या बोल्टवर मारलं की टोक मशरूमसारखं पसरतं आणि मग बोल्ट कुठल्याच बाजूने निघत नाही.

टप्पा ५: इंजिन

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

मॅग्नेट पुलर लावूनच काढा. हातोडी मारलीत तर क्रॅंकचं (पिस्टन ज्याला फिरवतं त्या दांड्याचं) टोक वाकतं आणि आतली छोटी अर्धचंद्र चावी तुटते. मॅग्नेटमागची स्टेटर प्लेट (कॉइल बसवलेली तबकडी) सैल करण्याआधी तिच्यावर आणि केसिंगवर मिळून एक बारीक रेघ ओढून ठेवा. टायमिंगची ती खूण नंतर तासभर वाचवते.

या इंजिनात क्रॅंकची पाती हीच पेट्रोलच्या वाटेवरची झडप असते. ती केसिंगमधल्या एका गुळगुळीत पट्टीला जेमतेम अंतर ठेवून फिरते. त्या पट्टीवर नखाला लागेल असा ओरखडा असेल तर इंजिन कार्बोरेटरमधून उलट थुंकतं, स्टार्ट व्हायला त्रास देतं आणि कितीही जेट (कार्बोरेटरमधले पेट्रोल मापून सोडणारे बारीक छिद्राचे स्क्रू) बदलले तरी सुधारत नाही. केस उघडताना फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटणारा मेकॅनिक दिसला, तर इंजिन त्याच्याकडून परत घ्या. केस रबरी हातोडीने हलक्या हाताने सोडवायचे.

इंजिन उघडलंच आहे तर पुढच्या वस्तू जुन्या ठेवू नका: क्रॅंकचे दोन्ही ऑइल सील, बेअरिंग, सगळे गॅस्केट, क्लच प्लेट आणि गिअरचा क्रॉस (निवडलेला गिअर धरून ठेवणारा चार टोकांचा तुकडा). गाडी दुसऱ्या गिअरमधून आपोआप सुटत असेल तर दोष बहुधा क्रॉसच्या झिजलेल्या कोपऱ्यांचा असतो, केबल ताणून काही होत नाही. क्लचकडचा सील गेला की इंजिन गिअरचं तेल ओढून पांढरा धूर काढतं. मॅग्नेटकडचा गेला की फुकट हवा आत जाते, रेस आपोआप चढते आणि पिस्टन तापून पकडतं. दुसरा प्रकार जास्त घातक, कारण धूर दिसत नाही आणि गाडी उलट जोरात पळाल्यासारखी वाटते.

बोअर करायला सिलिंडर एकटा पाठवू नका, नवं पिस्टन हातात घेऊन जा. पिस्टनवरची मोठी साइझ ही नुसती छापील गोष्ट, सिलिंडर आणि पिस्टनमधली फट त्या पिस्टनच्याच मापाने ठेवली पाहिजे. पिस्टन बसवताना बाणाचा रोख एक्झॉस्टकडे. पिनचे सर्क्लिप नेहमी नवे. ते लावण्याआधी क्रॅंककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा. सर्क्लिप हातातून उडतो तेव्हा तो जगातल्या सगळ्या जागा सोडून त्याच भोकात जातो.

मोठ्या किटचं काय? ६३ मि.मी. बोअरचं किट बसवलं की इंजिन साधारण १७७ सीसी होतं. चढावर फरक जाणवतो, खरं आहे. पण कागदाचा प्रश्न वर सांगितलाच, आणि शिवाय जेट मोठा करणं, क्लच सुधारणं आणि ब्रेक नव्याने बघणं हे सगळं त्याच्या मागोमाग येतं. आठ इंची चाकाचा ड्रम ब्रेक मूळ वेगालाच कसाबसा पुरतो. मी तरी मूळ सिलिंडर नीट बसवून आधी एक वर्ष चालवायला सांगेन.

तपासणी: जोडून झाल्यावर प्लग न लावता मॅग्नेट हाताने फिरवा. कुठेही अडकणं, खरखर किंवा एकाच जागी जड लागणं असेल तर पुन्हा उघडा. टेबलावर उघडणं अर्ध्या तासाचं काम आहे, बॉडीत बसवल्यावर एका दिवसाचं.

टप्पा ६: प्लॅटिनम की इलेक्ट्रॉनिक?

प्लॅटिनम पॉइंटची (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या उघडझाप करणाऱ्या संपर्काची) फट ०.४ मि.मी.च्या आसपास आणि प्लगची ०.६ ठेवली की मूळ पद्धत उत्तम चालते. गाडी गरम झाल्यावर बंद पडते आणि थंड झाली की मुकाट सुरू होते, अशी तक्रार असेल तर आधी कंडेन्सर आणि कॉइल बदलून पाहा. लोक त्यासाठी कार्बोरेटर चार वेळा धुतात.

रात्री चालवायची असेल तर १२ व्होल्टची इलेक्ट्रॉनिक प्लेट हा पैसे वसूल बदल आहे. पण नंतरच्या गाडीचं मॅग्नेट जुन्या क्रॅंकच्या निमुळत्या टोकावर बसेलच असं नाही, दोघांचा उतार वेगळा असू शकतो. विकत घेण्याआधी क्रॅंकवर बसवून पाहा. डुगडुगत असेल तर नट कितीही आवळला तरी तो चावी तोडणारच. सोबत रेग्युलेटर, सगळे बल्ब आणि हॉर्न १२ व्होल्टचे लागतात. मागच्या ब्रेकचा स्विचही तपासा. जुन्या ६ व्होल्टच्या बऱ्याच गाड्यांत तो उलट चालतो: पेडल दाबलं की संपर्क तुटतो. नव्या वायरिंगला तोच ठेवला की ब्रेक लाइट कायम पेटलेला राहतो आणि दाबला की विझतो.

टप्पा ७: चाकं आणि ब्रेक

व्हेस्पाची रिम दोन अर्ध्या भागांची असते. ते भाग एकमेकांना धरणारे नट वेगळे, आणि चाक ड्रमला धरणारे वेगळे.

सावध: ट्यूबमध्ये हवा असताना रिमचे भाग जोडणारे नट कधीही सोडू नका. आधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा, टायर हाताने दाबून खात्री करा, मगच पाना लावा. भरलेल्या हवेच्या जोराने अर्धी रिम उडून तोंडावर येते.

टायर ३.५०-८. नक्षी शाबूत असली तरी बाजूवरचा चार आकडी तारखेचा शिक्का वाचा: २३१६ म्हणजे २०१६ चा २३ वा आठवडा. दहा वर्षं गोदामात पडलेला ‘नवा’ टायर नको. मागचा ब्रेक लागत नसेल तर लायनर बदलण्याआधी ड्रममध्ये तेल आलंय का पाहा. आलं असेल तर दोष मागच्या एक्सलच्या सीलचा आहे आणि नवे लायनरही आठवड्याभरात भिजतील.

टप्पा ८: कोरडी जुळणी

बहुतेक जण हा टप्पा गाळतात. रंगाआधी, गंजक्या नि वेल्डिंगच्या डागांच्या अवस्थेतच गाडी पूर्ण जोडा: इंजिन, केबल्स, वायरिंग, पॅनेल, सीट, कॅरिअर, जे जे लावायचं ते सगळं. चालू करा आणि सोसायटीच्या आवारात फिरवा. पॅनेलची फट एकसारखी येते का, नव्या सीटचा बिजागर टाकीवर घासतो का, नवा सायलेन्सर स्टँडला लागतो का, हे आत्ताच कळेल. पाडायची भोकं आत्ता पाडा, वेल्डिंग आत्ता करा.

पेट्रोल पाइपकडे खास बघा. नवा पाइप सढळ हाताने लांब ठेवतात, तो टाकीखाली यू आकारात लोंबतो आणि चढावर पेट्रोल तुटतं. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सतत उतार हवा. गाडी आडवी करून किक मारायची आपली जुनी रीत सगळ्यांना गंमतीची वाटते, पण नीट बसवलेल्या गाडीला तिची गरज पडू नये. पाइप, कार्बोरेटरची सुई आणि रबरी भाग इथेनॉल सोसणारे घ्या. हल्लीच्या पेट्रोलमध्ये जुनं रबर मऊ पडून तुकडे सुटतात.

टप्पा ९: रंग

आता सगळं परत उघडा.

सँडब्लास्टिंग करणाऱ्याला लेगशील्ड आणि पॅनेलवर कमी दाब ठेवायला सांगा, नाहीतर पातळ पत्रा तापून लाटा येतात. चॅसिस नंबरावर जाड टेप हवीच. काम झालं की बोगदा आणि मानेच्या नळीतली वाळू कॉम्प्रेसरने दोन-तीनदा बाहेर काढा. राहिलेले कण पुढे स्टिअरिंगच्या गोळ्या खातात. ब्लास्टिंग झालं त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर बसला पाहिजे. पुण्यात जून ते सप्टेंबर हे काम हाती घेऊच नका, उघड्या पत्र्यावर एका रात्रीत तांबूस साय येते.

मूळ रंग हवा असेल तर टाकीखालचा कप्पा थोडा घासून पाहा. तिथे ऊनही पोचत नाही आणि नंतरचा पेंटरही. पावडर कोटिंग बॉडीवर करू नका: भट्टीत लांबी टिकत नाही आणि पुढे टवका उडाला तर तेवढाच दुरुस्त होत नाही. रिम आणि स्टँडला ते ठीक आहे.

सावध: अर्थिंगच्या जागा रंगवू नका. इंजिनाचा अर्थ, हेडलाइटचा अर्थ आणि मागच्या दिव्याचा स्क्रू जिथे बसतो तिथे झाकणाएवढा पत्रा उघडा ठेवून व्हॅसलीन लावा. ‘रंगाआधी दिवे लागत होते, आता लागत नाहीत’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

टप्पा १०: पुन्हा जुळणी आणि पहिले ५०० किलोमीटर

रंगाला निदान आठवडाभर सुकू द्या. बोल्टखाली प्लास्टिकचे वॉशर घाला, पान्याला चिकटपट्टी गुंडाळा. लेगशील्डची कडेची पट्टी शेवटी, दोघांनी मिळून, खालून वर.

गिअरबॉक्समध्ये एसएई ३० तेल, साधारण २५० मि.ली. पेट्रोलमध्ये चांगल्या प्रतीचं टू-टी ऑइल २ टक्के, म्हणजे ५ लिटरला १०० मि.ली.; नव्या पिस्टनला पहिल्या दोन टाक्यांपुरतं १५० मि.ली. टाकीत थेट ओतू नका, आधी कॅनमध्ये पेट्रोलसोबत हलवून घ्या. ‘जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षित’ असं समजून दुप्पट ओतणारे लोक आहेत. त्यांचा प्लग काळा पडतो, सायलेन्सर कोंडतो आणि मग तो भट्टीत जाळून घ्यायला न्यावा लागतो.

पहिले ५०० किलोमीटर एकसारख्या वेगाने लांब पळवू नका, वेग कमी-जास्त करत राहा आणि चढावर खालच्या गिअरमध्ये या. मागे कोणी बसवू नका, लग्नाची वरात तर अजिबात नको. १०० किलोमीटरनंतर इंजिन पूर्ण थंड असताना हेडचे नट तिरप्या जोडीने एकदा बघा. प्लग काढा: खाकी किंवा चहासारखा तपकिरी रंग हवा. पांढरट दिसला तर तिथेच थांबा. कुठून तरी फुकट हवा शिरतेय किंवा जेट लहान पडतोय.

५०० ला गिअरचं तेल बदला. खालचा बोल्ट काढल्यावर आलेलं पहिलं तेल पांढऱ्या ताटलीत धरून उन्हात बघा. राखाडी झाक चालेल, चमकणारे कण नकोत. मग मागचं चाक उतरवून ड्रमच्या मधल्या मोठ्या नटाची स्प्लिट पिन जागेवर आहे ना, ते पाहा. नट सैल राहिला की ड्रमचे आतले दाते खाल्ले जातात, आणि पहिलं लक्षण म्हणजे गाडी सोडताना मागून येणारा बारीक ‘टक्’ असा आवाज. तो आला की गाडी ढकलत घरी आणा.